शाळेतला रायटिंग क्लब: इंग्लंडमध्ये जेवणाच्या सुट्टीत, अमेरिकेत शाळा सुटल्यावर

पुण्याहून लंडन आणि तिथून तीन-चार वर्षांनी न्यू जर्सी किंवा टेक्सास, हा रस्ता आयटीतल्या मराठी घरांना आता पाठ झाला आहे. मुलांच्या गणिताचं फारसं अडत नाही, ते दोन्हीकडे चालून जातं. घोडं अडतं ते इंग्रजी लेखनापाशी. लंडनच्या शाळेत गोष्टी लिहिण्यात पुढे असलेला मुलगा अमेरिकेत निबंधाला बी-मायनस घेऊन घरी येतो. अमेरिकेत शाळेच्या वृत्तपत्राची संपादक असलेली मुलगी इंग्लंडमध्ये पाऊण तासात हाताने दोन पानं लिहायची म्हटलं की रडकुंडीला येते. मग कुणीतरी सुचवतं, शाळेत रायटिंग क्लब आहे ना, तिथे घाला. क्लब दोन्ही देशांत असतात खरे, पण नाव सोडलं तर साम्य बेताचंच.

हा फरक समजून घ्यायचा तर एकच प्रश्न आधी विचारावा: मुलाच्या लेखनाला मार्क कोण देतं? इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीचे निर्णायक मार्क बाहेरचा परीक्षक देतो, त्याने मुलाला कधी पाहिलेलंही नसतं. अमेरिकेत वर्गातले शिक्षक वर्षभर मार्क देत राहतात, आणि वर कॉलेजवाले विचारतात की वर्गाबाहेर काय केलंस. दोन्हीकडच्या क्लबांचा कारभार या उत्तरावर बेतलेला आहे.

आधी इयत्तांचा हिशेब

या लेखात ‘ब्रिटिश’ म्हणजे मुख्यतः इंग्लंड. स्कॉटलंडचं सगळंच निराळं: प्राथमिकला पी१ ते पी७, माध्यमिकला एस१ ते एस६, परीक्षा नॅशनल ५ आणि हायर. वेल्सनेही २०२२ पासून स्वतःचा नवा अभ्यासक्रम सुरू केला आहे.

इंग्लंडमध्ये चार वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात ‘रिसेप्शन’मध्ये जातं, मग इयर १ ते इयर १३. इयर ६ पर्यंत प्राथमिक, इयर ७ पासून माध्यमिक. जन्मतारखेची रेघ १ सप्टेंबरला. अमेरिकेत किंडरगार्टन, मग ग्रेड १ ते १२. इयरमधून एक वजा केला की ग्रेड मिळते, म्हणजे इयर ७ ची मुलगी अमेरिकेत ग्रेड ६ ला. आपली दहावी म्हणजे तिथली ग्रेड १० आणि इंग्लंडमधलं इयर ११.

या वजाबाकीला एक फाटा आहे. अमेरिकेत जन्मतारखेची रेघ राज्यागणिक, कधी जिल्ह्यागणिक बदलते. न्यूयॉर्क शहरात ती ३१ डिसेंबर आहे. त्यामुळे ऑक्टोबरात जन्मलेला इयर ५ चा मुलगा तिथे वयाने ग्रेड ५ मध्येच बसतो, आणि कागदोपत्री एक वर्ष उडी मारल्यासारखं होतं. प्रवेश घेताना हे शाळेशी बोलून घ्यावं, वर्षाच्या मध्यात कुणी बदलून देत नाही.

बदलीची सर्वांत वाईट वेळ म्हणजे इयर १० संपताना. इयर ११ च्या अखेरीस होणाऱ्या जीसीएसई या परीक्षेचा अभ्यास दोन वर्षांचा असतो, त्यातलं अर्धं शिकून निघालेल्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. उलट दिशेने, ग्रेड ९ पासूनचा प्रत्येक विषयाचा निकाल अमेरिकेत ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या एकत्रित गुणपत्रकावर, चढतो आणि शेवटपर्यंत तिथे राहतो.

बाहेरचा परीक्षक आणि वर्गातला परीक्षक

इंग्लंडमध्ये इयर ६ च्या मे महिन्यात सॅट्स होतात (अमेरिकेतली कॉलेजप्रवेशाची एसएटी वेगळी, नाव ऐकून घाबरू नये). त्यात वाचन, गणित आणि व्याकरण-विरामचिन्हं-स्पेलिंग यांचे पेपर असतात. लेखनाचा पेपर नसतो. वर्षभरातलं लेखन बघून शिक्षकच तीनपैकी एक शेरा देतात: अपेक्षित पातळीकडे वाटचाल, अपेक्षित पातळी, किंवा त्याहून खोल. हा शेरा देताना शिक्षकांपुढे एक यादी असते, आणि तिचा परिणाम मुलांच्या वहीत लगेच दिसतो. प्रत्येक वाक्य क्रियाविशेषणाने सुरू होतं, मग स्वल्पविराम, मध्येच एखादा अर्धविराम पेरलेला. दहा वर्षांचं मूल असं का लिहितं याचं कोडं घरी पडतं. त्याचं उत्तर त्या यादीत आहे.

पुढे इयर ११ ला जीसीएसई. परीक्षा मंडळं अनेक, शाळा त्यातलं एक निवडते. एक्यूए या मोठ्या मंडळाचं उदाहरण घेऊ. इंग्लिश लँग्वेजचे दोन पेपर, प्रत्येकी पावणेदोन तास, ८० मार्क. पहिल्या पेपरात ४० मार्कांचा एकच लेखनप्रश्न असतो: चित्र किंवा सूचना देऊन वर्णन करा, नाहीतर गोष्ट लिहा. त्यासाठी साधारण ४५ मिनिटं मिळतात. ४० पैकी २४ मार्क आशय आणि मांडणीला, १६ मार्क स्पेलिंग, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेला. सोळा हा आकडा पालकांनी नीट वाचावा. कल्पना कितीही भन्नाट असो, पूर्णविरामांकडे दुर्लक्ष झालं तर मोठा वाटा हातचा जातो. निकालाची श्रेणी ९ ते १, नऊ सर्वांत वरची. चारच्या खाली आलं तर सोळाव्या वर्षानंतरही इंग्रजी शिकत राहावं लागतं. साहित्याच्या पेपरात पुस्तक उघडायला मिळत नाही, पुस्तकातल्या ओळी पाठ लागतात. चार किंवा वर मिळालं की मात्र मूल इंग्रजीला रामराम ठोकू शकतं, कारण ए-लेव्हलला, म्हणजे इयर १२-१३ मध्ये, बहुतेक मुलं फक्त तीन विषय घेतात.

अमेरिकेत देशभराची अशी एक परीक्षाच नाही. शाळा चालवणारे जिल्हे तेरा हजारांच्या आसपास, आणि धोरण राज्यांच्या हातात. २०१० साली आलेल्या कॉमन कोअर या सामायिक अभ्यासमानकांनी लेखनाचे तीन प्रकार ठरवले: मुद्दा पटवून देणारं, माहिती समजावणारं आणि कथन करणारं. बऱ्याच राज्यांनी ते घेतले, काहींनी नंतर नाव बदललं, टेक्सास आणि व्हर्जिनियाने ते कधीच घेतले नाहीत. वर्गात मात्र चित्र बरंचसं सारखं. आधी कल्पनांची जुळवाजुळव, मग कच्चा खर्डा, शेजारच्या मुलाकडून वाचून घेणं, सुधारणा, पक्का खर्डा. लेखन हे असं टप्प्याटप्प्याने शिकवायचं, हा आग्रह न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत धरला, आणि तो आता प्राथमिक शाळांच्या अंगवळणी पडला आहे. प्रत्येक टप्प्याला थोडे थोडे मार्क, सोबत रुब्रिक म्हणजे मार्कांचा तक्ता आधीच हातात दिलेला. गृहपाठ, चर्चेतला सहभाग, खर्डा वेळेवर देणं, सगळं धरून ग्रेड ठरते, आणि ती चारपैकी मोजल्या जाणाऱ्या जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या विषयांच्या सरासरीत, जाते. बहुतेक राज्यांत हायस्कूलची चारही वर्षं इंग्रजी घ्यावंच लागतं.

या पद्धतीचंही एक दुखणं आहे, पाच परिच्छेदांचा निबंध. पहिल्यात मुख्य विधान, मधल्या तिनांत तीन मुद्दे, शेवटच्यात तेच विधान पुन्हा. सुरुवातीला हा साचा उपयोगी पडतो. पण सहावी-सातवीत तो एकदा अंगात मुरला की मूल आजीच्या आठवणीसुद्धा तीन मुद्द्यांत बसवतं.

आता क्लबची जागा दिसायला लागते. इंग्लंडमध्ये इयर १० पासून गोष्ट लिहिणं म्हणजे ४५ मिनिटांचा सराव, त्यामुळे सावकाश, फाडून पुन्हा लिहिण्याची जागा शाळेत जवळपास उरत नाही. एक्यूएने २०१३ मध्ये सर्जनशील लेखनाचा स्वतंत्र ए-लेव्हल सुरू केला होता, तो काही वर्षांतच बंद झाला. इंग्लिश लँग्वेजच्या ए-लेव्हलला ७५० शब्दांचं स्वतःचं लेखन आणि त्यावर तितक्याच शब्दांचं टिपण लिहावं लागतं, पण तो विषय घेणारी मुलं थोडी. अमेरिकेत मात्र पुष्कळ हायस्कुलांत क्रिएटिव्ह रायटिंग हा क्रेडिट मिळणारा ऐच्छिक विषयच असतो. तिथे क्लब हवा असतो तो लिहिण्यापेक्षा छापण्यासाठी, आणि स्पष्टच बोलायचं तर दाखवण्यासाठी.

इंग्लंडमधला क्लब: पंचवीस-तीस मिनिटं

बहुतेक क्लब आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, ग्रंथालयात भरतात. चालवणारे इंग्रजीचे शिक्षक किंवा ग्रंथपाल. फी नाही, निवडणूक नाही, अध्यक्ष नाही. मुलं आठ ते पंधरा, त्यात इयर ७ आणि ८ ची जास्त. ईस्टरनंतर इयर ११ ची मुलं गायब होतात, कारण जीसीएसई मे-जूनमध्ये चालते.

खरी अडचण वेळेची. सुट्टी पन्नास मिनिटांची धरली तर वीस मिनिटं जेवणाच्या रांगेत जातात. म्हणून चांगली शाळा क्लबच्या मुलांना रांगेत पुढे सोडण्याचा पास देते, किंवा ग्रंथालयात डबा खाऊ देते. ही सोय नसेल तर महिनाभरात निम्मी मुलं गळतात, आणि मग ‘मुलांना आवडच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

उरलेल्या अर्ध्या तासाची विभागणी साधारण अशी चालते: तीन मिनिटं विषय सांगायला, बारा मिनिटं गुपचूप लिहायला, दहा मिनिटं तिघांनी वाचून दाखवायला, पाच मिनिटं आवराआवरीला. सगळ्यांनी वाचायचं असा नियम केला तर लिहायला वेळ उरत नाही, म्हणून तिघंच, आणि दर आठवड्याला वेगळे तिघं.

विषय छोटा आणि हाताला लागेल असा हवा. ‘स्वातंत्र्य’ दिलं की मुलं छताकडे बघतात. त्याऐवजी सांगावं: शाळेतल्या हरवलं-सापडलं खोक्यातल्या पाच वस्तू, प्रत्येकीला दोन वाक्यं, मालकाचं नाव घ्यायचं नाही. अकरा वर्षांच्या मुलाचा पहिला प्रयत्न बहुधा असा येतो: हातमोजा खूप दुःखी होता, कारण त्याचा मित्र हरवला होता. इथे ‘छान!’ म्हणून पुढे गेलं तर मूल तिथेच राहतं. शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. कुठल्या हाताचा? कुठे झिजलाय? दुरुस्त कुणी केलाय? पुढच्या पाच मिनिटांत तेच मूल लिहितं: डाव्या हाताचा, काळा. अंगठ्यापाशी निळ्या दोऱ्याने शिवलेला, घरात काळा दोरा नसावा. दुःख हा शब्द गेला आणि एक घर दिसायला लागलं. क्लबने एवढं साधलं तर वर्षाची कमाई झाली.

वह्या शाळेतच ठेवाव्यात. घरी गेलेली वही परत येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

क्लबला बाहेरून बळ देणाऱ्या संस्थाही आहेत. ‘फर्स्ट स्टोरी’ ही संस्था सरकारी माध्यमिक शाळांत लेखक पाठवते. तो लेखक मुलांबरोबर बसतो आणि वर्षाअखेरीस मुलांचं पुस्तक निघतं. लंडनच्या हॉक्स्टन भागात २०१० पासून ‘मिनिस्ट्री ऑफ स्टोरीज’ आहे, तिच्या दर्शनी बाजूला राक्षसांसाठी सामानसुमान विकणारं दुकान आहे. ही कल्पना मूळची सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘८२६ व्हॅलेन्सिया’ची. तिथे २००२ मध्ये जागा मिळाली ती दुकानांसाठी राखीव असलेल्या इमारतीत, काहीतरी विकणं भाग होतं, म्हणून समुद्री चाच्यांचं दुकान काढलं आणि मागच्या बाजूला मुलांना लिहायला बसवलं. नगरपालिकेच्या नियमातून निघालेली इतकी गोड पळवाट विरळाच.

स्पर्धा दोन तरी माहीत असाव्यात. बीबीसीची ‘५०० वर्ड्स’ २०११ मध्ये रेडिओवर सुरू झाली, मध्ये थांबली, २०२३ पासून पुन्हा चालू आहे: ५ ते ११ वयोगट, पाचशे शब्दांपर्यंतची गोष्ट. पोएट्री सोसायटीची ‘फॉइल यंग पोएट्स’ ११ ते १७ वयासाठी, प्रवेश फुकट, मुदत बहुधा ३१ जुलै. जगभरातली मुलं तिला कविता पाठवू शकतात, साताऱ्याची सुद्धा. पहिले १५ आणि आणखी ८५ अशी शंभर नावं निवडली जातात.

याउलट एक प्रकार टाळण्यासारखा. शाळेत पत्रक येतं, मुलाची कविता ‘निवडली’ जाते, पुस्तकात छापली जाते, आणि मग पालकांनी ते पुस्तक विकत घ्यायचं असतं. जिथे जवळपास प्रत्येकाची कविता निवडली जाते तिथे धंदा पुस्तकविक्रीचा असतो. मुलाला आनंद होत असेल तर एक प्रत घ्या, पण तो पुरस्कार समजू नका.

अमेरिकेतला क्लब: घटना, पदाधिकारी आणि मासिक

अमेरिकन हायस्कूलमध्ये क्लब बहुतेक मुलंच काढतात. शाळेच्या कार्यालयातून फॉर्म आणायचा, एक शिक्षक सल्लागार म्हणून राजी करायचा, ठरावीक सह्या गोळा करायच्या, एक-दोन पानांची घटना लिहायची: उद्देश, सभासदत्व, पदं, निवडणूक. सप्टेंबरात क्लब फेअर भरतो, तिथे टेबल लावून नावं घ्यायची. पैसा वर्गणीतून, पालक-शिक्षक संघाकडून, नाहीतर केक-बिस्किटं विकून. १९८४ च्या इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्टनुसार, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका विद्यार्थी क्लबला जागा दिली की दुसऱ्याला त्याच्या धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक मजकुरावरून नाकारता येत नाही. क्लबांची एवढी गर्दी दिसते त्यामागे हेही एक कारण आहे.

वेळ शाळा सुटल्यावर, तासभर. इथला अडसर बसचा. पिवळी बस शेवटच्या घंटेनंतर लगेच निघते. उशिराची बस असेल तर ठीक, नसेल तर ज्यांच्या घरून कुणी गाडी घेऊन येऊ शकतं तीच मुलं क्लबमध्ये राहतात. शाळा निवडताना क्लबांची यादी सगळे बघतात, उशिराची बस आहे का हे फार थोडे विचारतात.

क्लबचं मुख्य काम असतं साहित्यिक मासिक. म्हणायचं मासिक, निघतं वर्षातून एकदा. वर्ष असं चालतं: ऑक्टोबरात लेखनाचं आवाहन, हिवाळी सुट्टीच्या आधी मुदत संपते, जानेवारीत निवड, फेब्रुवारीत संपादन, मार्चमध्ये पानांची मांडणी, एप्रिलमध्ये छपाई. प्रकाशन मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत ठेवू नये, तेव्हा एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या, परीक्षा असतात आणि सभागृह रिकामं राहतं.

निवडीची पद्धत घालून देणं हेच संपादक मंडळाचं खरं शिक्षण. आलेल्या प्रत्येक लेखनाला सल्लागार क्रमांक देतात आणि नाव काढून टाकतात. प्रत्येक तुकडा किमान तिघांनी वाचायचा, १ ते ४ गुण द्यायचे. सरासरी तीनच्या वर असेल ते आत, दोनच्या खाली ते बाहेर, चर्चा फक्त मधल्यांवर. संपादकाचं स्वतःचं लेखन चर्चेला आलं की त्याने खोलीबाहेर जायचं. एका लेखकाचे जास्तीत जास्त दोन तुकडे. हे शेवटचे दोन नियम लिहून ठेवले नाहीत तर मासिक पाच मित्रांचा अल्बम होऊन बसतं, आणि पुढच्या वर्षी कुणी काही पाठवत नाही. नकाराचं पत्र दोन आठवड्यांत गेलं पाहिजे. तीन महिने ताटकळलेलं मूल नकारापेक्षा त्या वाट पाहण्याने दुखावतं.

पानांचं गणित आधी करावं. पिन मारून बांधलेल्या अंकाची पानं चारच्या पटीतच येतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. चाळीस पानं धरली तर चार पानं शीर्षक, अनुक्रम आणि मंडळाची नावं यांना. दीड हजार शब्दांची गोष्ट साधारण चार पानं खाते, म्हणजे पाच गोष्टी म्हणजे वीस पानं. उरली सोळा: बारा कविता, चार चित्रं. सहावी गोष्ट हवीच असेल तर अंक ४४ पानांचा होतो, किंवा चार कविता जातात. हा हिशेब फेब्रुवारीत लक्षात आला तर भांडण होतं. ऑक्टोबरातच ‘गोष्ट दीड हजार शब्दांपर्यंत’ असं आवाहनात छापलं की प्रश्न मिटतो. नाहीतर चाळीस प्रकरणांची ड्रॅगनकादंबरी लिहिणारा एक तरी नववीतला मुलगा असतोच, आणि त्याला कुठलं प्रकरण घ्यायचं ते सांगता येत नाही.

छापण्याचा हक्क कुणाचा, यावर अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. मिसुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी १९८३ मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातली दोन पानं काढून टाकली. त्यात कुमारवयातलं गरोदरपण आणि पालकांचा घटस्फोट यांवरचे लेख होते. १९८८ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला: शाळेच्या नावाने निघणाऱ्या प्रकाशनात शैक्षणिक कारणासाठी काटछाट करता येते. त्यानंतर अनेक राज्यांनी ‘न्यू व्हॉइसेस’ नावाने ओळखले जाणारे कायदे करून विद्यार्थ्यांना जास्त मोकळीक दिली. त्यामुळे संपादक मुलीने आपलं राज्य कुठलं हे आधी पाहावं. इंग्लंडमध्ये असा वाद सहसा कोर्टापर्यंत जात नाही, हेडटीचरचा शब्द शेवटचा.

अमेरिकेतली सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे १९२३ पासूनची ‘स्कोलास्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स’. ग्रेड ७ ते १२, वय किमान १३. आधी विभागीय पातळीवर गोल्ड की, सिल्व्हर की आणि ऑनरेबल मेन्शन, मग गोल्ड की मिळालेलं लेखन राष्ट्रीय पदकांसाठी जातं. फी असते, परवडत नसेल तर माफीही मिळते. विभागांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत.

पदांचा सोस कुठून येतो

अमेरिकन क्लबात पंधरा सभासद आणि अकरा पदाधिकारी दिसले तर हसू नये. कॉलेज प्रवेशाच्या ‘कॉमन अ‍ॅप’मध्ये अभ्यासेतर उपक्रमांच्या दहा जागा असतात. प्रत्येकाला पदाचं नाव ५० अक्षरांत आणि काम १५० अक्षरांत लिहायचं. पदाला वेगळा रकाना आहे म्हटल्यावर पद हवंच. त्याशिवाय २५० ते ६५० शब्दांचा वैयक्तिक निबंध. तो निबंध म्हणजे एखादी छोटी, खरी गोष्ट आणि तीतून दिसणारा स्वभाव, आणि इथे क्लबात शिकलेलं थेट कामाला येतं.

यूकास या ब्रिटिश विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश यंत्रणेला हे चालत नाही. तिथे एका अर्जात पाच पसंती, आणि ४,००० अक्षरांचं निवेदन. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलं आहे: हा विषय का, अभ्यासाने त्यासाठी काय तयारी झाली, वर्गाबाहेर काय केलं. प्राध्यापकांना पाहायचं असतं की मुलाने विषयात किती डोकं घातलं आहे. भौतिकशास्त्राच्या अर्जात रायटिंग क्लबचं उपाध्यक्षपद एका ओळीच्या पुढे जात नाही. अमेरिकेसाठी लिहिलेला निबंध थोडा कापून यूकासला चिकटवणं ही दोन्हीकडे अर्ज करणाऱ्या मुलांची ठरलेली चूक, आणि उलटं केलं तर अमेरिकेत तो अर्ज कोरडा ठणठणीत वाटतो.

खरा क्लब आणि नावापुरता क्लब ओळखणं अवघड नाही. पहिल्या बैठकीत लिहायला सांगितलं का, की कुठली पदं मोकळी आहेत यावरच तास गेला? मागच्या वर्षीचा अंक दाखवा म्हटलं तर निघतो का?

एकमेकांचं लेखन वाचायची रीत

दोन्ही देशांत वापरली जाणारी वर्कशॉप पद्धत विद्यापीठातून शाळेत उतरली. आयोवा विद्यापीठात लेखनाचा पदवी अभ्यासक्रम १९३६ चा, ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने तसा एमए १९७० मध्ये सुरू केला. मूळ रीत अशी की लेखकाने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. मोठ्यांना ती झेपते. बारा वर्षांच्या मुलीला मात्र दहा जणांचं ऐकत गप्प बसवलं तर ती पुढच्या आठवड्यात येत नाही.

मुलांसाठी हीच रीत थोडी बदलून घ्यावी. वाचन ३०० शब्दांच्या आत, लेखकानेच मोठ्याने. मग ऐकणाऱ्यांनी आधी सांगायचं की कुठली ओळ डोक्यात राहिली. नंतर, कुठे हरवायला झालं. मग दोन प्रश्न, दोनच. शेवटी लेखक बोलणार. ‘मी असतो तर असं लिहिलं असतं’ हे वाक्य बंद. ‘मस्त आहे’ हेही बंद, कारण त्यातून लेखकाला काहीच कळत नाही. अमेरिकन मुलं कौतुकात सैल, ब्रिटिश मुलं बोलायलाच तयार नसतात, पण ओळ दाखवायला सांगितली की दोन्हीकडची गाडी हलते.

मुलाच्या लेखनात स्वतःला इजा, घरातली मारहाण किंवा तशी काही खूण दिसली तर क्लबवाल्याने ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. इंग्लंडमध्ये ते शाळेतल्या ठरलेल्या सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षितता पाहणाऱ्या, अधिकाऱ्याकडे जातं. अमेरिकेत शिक्षकांवर कळवण्याचं कायदेशीर बंधन असतं. मदतीला येणाऱ्या पालकांचीही इंग्लंडमध्ये डीबीएस, म्हणजे पोलिसी नोंदींची तपासणी होते. आणि मुलाने शाळेतल्या गोळीबाराची काल्पनिक गोष्ट लिहिली तर अमेरिकन शाळा घरी फोन करू शकते. तो फोन आला म्हणून मुलाला गुन्हेगार ठरवलं असं समजू नये.

बदली झाल्यावर

इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या मुलाला तीन गोष्टी आधी शिकवाव्यात. खर्डा वेळेवर न दिल्याचेही मार्क कापले जातात. मुख्य विधान पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट हवं. निबंध आणि त्यातले संदर्भ एमएलए या ठरावीक मांडणीत द्यायचे: चारही बाजूंना एक इंच समास, दोन ओळींत दुप्पट अंतर, शेवटी संदर्भांची यादी. शिक्षक ‘रिव्हाइज’ करून आण म्हणाले तर खर्डा पुन्हा लिहायचा असतो, इंग्लंडमध्ये त्याच शब्दाला मुलं परीक्षेची उजळणी समजतात. स्पेलिंग ज्या देशात बसलोय त्या देशाचं, एकाच निबंधात कलरला यू आणि सेंटरला ईआर असं मिश्रण नको.

अमेरिकेहून इंग्लंडला जाणाऱ्या मुलीने पेन हातात धरावं. टाइप करण्याची सवय झालेला हात वीस मिनिटांत दुखतो, तेव्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत पंचेचाळीसवर यावं. त्यातली पाच मिनिटं आराखड्याला आणि शेवटची पाच फक्त पूर्णविराम आणि स्पेलिंग तपासायला, त्या सोळा मार्कांसाठी. साहित्याच्या उत्तरात मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण हा क्रम हवा, पुरावा म्हणजे पाठ असलेली चार-पाच शब्दांची ओळ.

मुंबई-पुण्याच्या केंब्रिज शाळांतल्या मुलांनाही यातलं बरंच लागू पडतं. आयजीसीएसईच्या फर्स्ट लँग्वेज इंग्लिशमध्ये ३५० ते ४५० शब्दांचं वर्णन किंवा कथा लिहावी लागते, आणि तिथेही परीक्षक बाहेरचाच. अशा मुलांसाठी रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीची निबंधस्पर्धा आहे, ती १८८३ पासून चालते आणि राष्ट्रकुलातल्या मुलांना खुली आहे. स्कोलास्टिक मात्र अमेरिका, कॅनडा आणि परदेशातल्या अमेरिकन शाळांपुरतीच.

मराठीचं काय, हा प्रश्न घरात येतोच. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आहेत, आणि कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये सुरू केलेला ‘सील ऑफ बायलिटरसी’, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात याची मोहर, आता बऱ्याच राज्यांत हायस्कूलच्या पदविकेवर मिळतो. मराठीसाठी तो मिळेल का, आणि कुठल्या परीक्षेवर, हे जिल्ह्याला ग्रेड ९ मध्येच विचारावं, बारावीत विचारून उपयोग नसतो. क्लबच्या लेखनात मूल ‘वरण’ किंवा ‘ओटी’ असे शब्द घालत असेल तर प्रत्येकाला कंस करून अर्थ द्यायला लावू नये. वाक्यात त्या वस्तूचं काय होतंय ते दिसलं की वाचणाऱ्याला पुरतं. मासिकाचे संपादक असे शब्द तिरप्या अक्षरांत टाकू पाहतात. तसं हवं की नको, हे मुलाने निवड झाल्यावर नाही तर लेखन पाठवतानाच चिठ्ठीत लिहावं.